वानवळ्याचा फोल्डर

आमचा वर्ग मंगल कार्यालयात भरतो. शुक्रवार पेठेतलं हे कार्यालय माझ्या चुलत सासऱ्यांचं. तिथली वधूपक्षाची खोली त्यांनी मला रविवारपुरती वापरायला दिली आहे, ती एका अटीवर: लग्न असेल त्या रविवारी आम्ही गाशा गुंडाळायचा. त्यामुळे माझं वेळापत्रक पंचांग ठरवतं. ज्या रविवारी मुहूर्त नाही त्या रविवारी लिनक्स. चातुर्मासात अभ्यासक्रम घोड्यासारखा धावतो आणि वैशाखात बसकण मारतो.

खोलीत भिंतभर आरसा आहे. भिंतीवर कुणाकुणाच्या हळदीचे पंजे उमटलेत, कोपऱ्यात गाद्यांचा ढीग आहे आणि नवरीला नटायला बसवतात तो लांबलचक कट्टा आहे. आम्ही संगणक त्या कट्ट्यावर मांडतो. आरशामुळे माझी पाठ असली तरी वर्गात कोण मोबाइल बघतंय ते मला दिसतं. मी ज्या तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते तिथेही एवढी सोय नाही.

येतात कोण, तर ज्यांचा संगणक नव्या विंडोजच्या हिशेबाने म्हातारा झालाय, पण ज्यांना तो टाकवत नाही असे लोक. सोलापुरात वस्तू टाकवत नाहीच कुणाला. इथे चादर आधी पांघरूण असते, मग बैठक होते, मग पायपुसणं, मग गाडी पुसायचं फडकं, आणि शेवटी फेकायची वेळ आली की घरातली एखादी बाई म्हणते, राहू द्या, लागेल. त्यामुळे ‘तुमचं मशीन जुनं झालं, नवीन घ्या’ असं दुकानदाराने सांगितलं की ही मंडळी दुखावतात, आणि कुणाकडून तरी ऐकून माझ्याकडे येतात. संगणक चालवणारी जी मूळ प्रणाली असते, ती लिनक्स नावाचीही मिळते, ती फुकट असते आणि जुन्या मशीनवरही धावते, एवढीच कीर्ती पेठेत पोचलेली असते.

पहिल्या दिवशी मी स्वातंत्र्यावर बोलते. ही प्रणाली हवी तशी चालवा, उघडून आतून बघा, बदला आणि दुसऱ्याला वाटा, कुणाची परवानगी नको. माझा आवाज अशा वेळी थोडा भरून येतो. समोर बसलेले लोक लग्नात लांबलेली मंगलाष्टकं ऐकावीत तसे ऐकत असतात. एकदा उजनी धरणाच्या काठच्या गावातून येणारे एक काका शेवटी म्हणाले, “म्याडम, फुकट हाय म्हंजी कायतरी खोट आसंल की. आमच्याकडं फुकट काय आलं तर ते मतं मागायलाच येतंय.”

म्हणून मी सोपं उदाहरण शोधलं. म्हटलं, समजा तुम्ही शेंगाचटणी विकत आणली आणि डब्यासोबत तिची कृतीही मिळाली. लगेच मागच्या गादीवरून प्रश्न आला, “कोण देतंय?” म्हटलं, समजा हो. “पण देणारच न्हाई की कुणी.” एकीने सांगितलं की तिच्या सख्ख्या जावेने अजून लसणाचं प्रमाण सांगितलेलं नाही. दुसरी म्हणाली, लसूण मुळात नंतर घालायचा असतो. त्या रविवारी मुक्त सॉफ्टवेअर बाजूलाच राहिलं आणि शेंगा खलबत्त्यात कुटायच्या की मिक्सरमध्ये, यावर वर्ग संपला. तेव्हापासून मी खाण्यापिण्याची उदाहरणं देत नाही.

काका मात्र चिकाटीचे. केळी आणि ऊस सांभाळून, धरणाच्या पाण्यातल्या मोटरी सांभाळून ते मोटारसायकलवर येत. मुलाने वापरून टाकून दिलेला लॅपटॉप ते खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून आणायचे. लिनक्समध्ये पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. काकांनी पहिल्यांदा तो टाइप केला आणि मला हाक मारली, “म्याडम, कीबोर्ड मेला.” मी सांगितलं की दिसत नसलं तरी आत चाललंय. ते म्हणाले, “व्हय, पाणबुडी मोटरीगत.” मी एवढ्या वर्षांत इतकं सरळ स्पष्टीकरण दिलेलं नव्हतं, पण तसं मी त्यांना सांगितलं नाही. डोक्यावर बसले असते.

आता पेनड्राइव्हचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं.

मी प्रत्येकाला लिनक्स भरलेला एक पेनड्राइव्ह घरी न्यायला द्यायची. तो लावून मशीन सुरू केलं की आतली बिघडलेली सिस्टिम बाजूला राहते आणि मशीन पेनड्राइव्हवरच चालू लागतं. घरी करून बघा आणि पुढच्या वर्गाला परत आणा, एवढंच सांगायचे. पेनड्राइव्ह परत यायचे, पण त्यातून लिनक्स गायब असायचं. एकात काकांच्या केळीच्या घडांचे फोटो आणि जाळ्यात उड्या मारणाऱ्या चिलापी माशांचा व्हिडिओ होता. दुसऱ्यात महादेवाची आरती होती. तिसऱ्यात कुणाच्या तरी नातवाचं बारसं पहिल्यापासून शेवटपर्यंत होतं. पहिल्यांदा वाटलं, चुकून झालं असेल. पण दर खेपेला तेच व्हायला लागलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना आरशासमोर उभं करून विचारलं, हे करता का तुम्ही?

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी टॉवेलवाले अप्पा बोलले. अक्कलकोट रोडला त्यांचे टॉवेल विणायचे माग आहेत. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि दोन्हीकडे शांत माणूस. ते म्हणाले, “मॅडम, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत कसं द्यायचं?”

म्हणजे असं होतं. शेजारणीने वाटीभर आमटी दिली तर वाटी परत करताना आपण तिच्यात चिमूटभर साखर तरी घालतो, त्यातला हा प्रकार. यांनी घरी जाऊन लिनक्स चालवून बघितलं, आणि मग परत करताना, भांडं घासून द्यावं तसा पेनड्राइव्ह पुसून घेतला आणि त्यात आपल्या घरचं काहीतरी घातलं. मी कपाळाला हात लावला. पण मला रागही धड आणता येईना, कारण मी स्वतः कुणाचं भांडं रिकामं परत केलेलं नाही. सासूबाईंनी फाडून खाल्लं असतं.

मग मीच माघार घेतली. प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये सिस्टिम एका बाजूला ठेवली, तिला हात लावायचा नाही अशी तंबी दिली, आणि दुसऱ्या बाजूला एक मोकळा फोल्डर केला. त्याला नाव दिलं ‘वानवळा’. शेतात पहिलं काही निघालं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतात तो वानवळा. सगळ्यांना फार आवडलं. वर्ग संपताना प्रत्येकाने आपल्याकडचा वानवळा दुसऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये उतरवून द्यायचा, अशी पद्धतच पडली. फाइल कॉपी कशी करायची हे शिकवायचे माझे कष्ट वाचले. त्यात काय काय फिरतंय हे मी बघत नसे. चिलापी मासे एकदा बघितले, पुरेत.

अशात एका रविवारी अक्का आल्या.

पन्नाशीच्या पुढच्या, मागावर काम करणाऱ्या तेलुगू घरातल्या, पदर खोचलेला. मागून रिक्षावाला संगणकाचा डबा घेऊन आला, तोही चादरीत गुंडाळलेला. अक्कांनी तो कट्ट्यावर ठेवायला लावला आणि मला म्हणाल्या, “हे चालू करून द्या. मला शिकायचं न्हाई.”

त्यांचे यजमान चादरींची डिझाइनं काढायचे. पेठेत आणि मागांवर त्यांना सगळे मास्तर म्हणत. चादरीवर जे फूल, पक्षी दिसतात ते आधी चौकटीच्या कागदावर भरावे लागत, एक चौकोन, त्यांच्या भाषेत एक घर, म्हणजे एक दोरा. पुढे हे काम संगणकावर आलं आणि चौकोनाचा ठिपका झाला, पण हिशेब तोच. मास्तरांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक, त्यांचे पक्षी जिवंत वाटत. दुसरी, ते आपलं काम कुणाला बघू देत नसत. या धंद्यात आज तुमच्या मागावर आलेलं फूल उद्या शेजारच्या मागावर उमलतं, म्हणून धास्ती सगळ्यांनाच असते, पण मास्तरांची जगावेगळी होती. कच्चे कागद ते बंबात घालून जाळत. संगणक आल्यावर खांद्यावर कायम एक टॉवेल ठेवायला लागले. दारात पाऊल वाजलं की टॉवेल पडद्यावर. भाऊ आला तरी, वीजबिलवाला आला तरी. अक्का चहा घेऊन आल्या तरीसुद्धा.

मागच्या पावसाळ्यात मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि पाय लुळा पडला. त्याच सुमारास संगणकही बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, आतलं सगळं गेलं, नवीन घ्या.

“औषधानं पाय हलाय लागला,” अक्का म्हणाल्या. “धरून धरून चालतात. बोलता पण येतं. पण बोलत न्हाईत. सकाळपासनं भिंतीकडं तोंड करून पडतात. जेवा म्हटलं की जेवतात, परत भिंत. ही मशीन चालू झाली तर तोंड फिरवतील. म्हणून आणली.”

मी म्हटलं, अक्का, मशीन म्हणजे औषध नाही.

“औषध चालू हाय की. हात हलंल त्यानं. तोंड फिरंना ते औषधानं.”

मी मशीनवरची चादर काढली. पण माझा एक नियम आहे: मी कुणाच्या माउसला हात लावत नाही. मी सांगेन, हात तुमचा. या नियमापायी मी कित्येक विद्यार्थी घालवलेत. अक्कांना तो सांगितला तेव्हा त्यांनी माझ्याकडे, एखाद्या आळशी सुनेकडे बघावं तसं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्या मशीनची फक्त धूळ पुसली होती, तीही मास्तर घरात असताना. तरी त्या खुर्चीत बसल्या. पेनड्राइव्ह त्यांनीच लावला, बटण त्यांनीच दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावायला लागल्या तशा म्हणाल्या, “माग लावल्यासारखं वाटतंय.” आणि मग आतलं सगळं दिसायला लागलं. काही गेलेलं नव्हतं. फक्त वरची सिस्टिम बिघडली होती, खालचा माल जसाच्या तसा.

अक्का एकेक चित्र उघडत गेल्या. मला वाटलं रडतील, म्हणून मी पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. त्या रडल्या वगैरे नाहीत. प्रत्येक चित्राची जन्मकथा सांगत बसल्या. ही कमळं काढली तेव्हा छत गळत होतं. ही वेल थोरलीच्या लग्नातली, जावयाला आवडली नव्हती. हे हत्ती कुणी घेतलेच नाहीत, सोंडा लहान झाल्या. शेवटचं चित्र एका राजहंसाचं होतं. चादरीच्या काठाला घालायचा, मान मागे वळवून स्वतःचीच पिसं चोचीने सारखी करणारा हंस. मी अशा कामातलं काही कळणारी बाई नाही, पण मीही बघत राहिले.

“हा कुणाला दिलाच न्हाई,” अक्का म्हणाल्या. “आजारी पडायच्या आधी ह्यावरच बसले होते.”

पुढच्या काही रविवारी अक्कांनी स्वतःच्या हाताने मशीनवर लिनक्स बसवलं. मग रिक्षात मशीन आणि मशीनशेजारी मी, असे आम्ही त्यांच्या घरी गेलो. मास्तर कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. अक्कांनी तारा जोडल्या, मशीन सुरू केलं, राजहंस पडद्यावर आणला आणि हाक मारली, “एवंडी,” म्हणजे आपलं अहो, “बघा की. आलंय सगळं.”

मास्तर वळले नाहीत. भिंतीलाच म्हणाले, “बंद कर. लाइट जळती.”

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. घरात आल्यापासून ज्या वस्तूला बाई हात लावायला भीत होती ती वस्तू शिकून घेऊन ती उभी होती, आणि हे महाराज वीजबिलाची काळजी करत होते. अक्कांनी मशीन बंद केलं, वर चादर टाकली आणि माझ्यासाठी चहा ठेवला. चहा गोड मिट्ट झाला होता. मी तो निमूट प्याले.

पुढच्या वर्गाला अक्का पेनड्राइव्ह परत द्यायला आल्या, म्हणाल्या आता काय कामाचा. तरी वर्गाला येणं त्यांनी सोडलं नाही. घरात भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा इथला आरसा बरा, असं म्हणाल्या. मी पेनड्राइव्ह घेतला, नेहमीच्या डब्यात टाकला, आणि वर्ग संपताना नेहमीसारखी सगळ्यांनी डब्यातल्या पेनड्राइव्हांसकट वानवळ्याची देवघेव केली.

दिवस गेले. लग्नसराई आली, आमची हकालपट्टी झाली, लग्नसराई सरली आणि आम्ही परत गाद्यांवर येऊन बसलो. त्या दिवशी अप्पा मोठी पिशवी घेऊन आले. चेहरा फुललेला. पिशवीतून नवे कोरे टॉवेल काढून त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक दिला.

“तुमचा वानवळा होता, माझा पण घ्या,” ते म्हणाले. “फोल्डरात एक पक्षी मिळाला. मॅडम म्हणतात ना, घ्या, बदला, वाटा. तर घेतला, टॉवेलच्या मापाला बदलला आणि आता वाटतोय.”

इतक्या दिवसांत माझ्या शिकवण्याचा शब्दशः अर्थ लावणारा हा पहिला विद्यार्थी. मला अभिमान वाटला, साधारण पाच मोजेपर्यंत. मग मी टॉवेल उलगडला. काठावर राजहंस होते. म्हणजे असावेत. अप्पांच्या माणसाने चादरीचं चित्र टॉवेलच्या मापात बसवण्यासाठी आडवं ताणलं होतं. हंसाचं पोट सुटलं होतं, मान आखूड झाली होती, आणि चोचीजवळचे ठिपके गळाल्यामुळे तो पिसं सारखी करण्याऐवजी स्वतःची पाठ खाजवत होता. काका टॉवेल डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “बदक बेस आलंय.”

अक्कांनी टॉवेल मांडीवर ठेवला आणि त्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “हा आमचा हाय.”

अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पेनड्राइव्ह रिकामा कसा देऊ? घरात देण्यासारखं हेच होतं. मला वाटलं तुमच्याकडंच राहील.” आणि मग टॉवेलची घडी घालायला लागल्या. “त्यांनी सख्ख्या भावाला दावलं न्हाई कधी. त्यांना कळलं तर ते आता जेवायला पण उठणार न्हाईत.”

अप्पांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे फोन करून माग थांबवायला सांगितला. विणून झालेला सगळा माल कोपऱ्यात टाकतो, म्हणाले, एकही बाहेर जाणार नाही. मी म्हटलं, मग झालं, मास्तरांना कळायचं कारणच नाही. काकांनीही मान हलवली. पण अप्पा ऐकेनात. दुसऱ्याच्या घरातली वस्तू न विचारता वापरली आणि वर लपवली, असं त्यांना चालणार नव्हतं. मी जाऊन पाया पडणार, म्हणाले. अक्का नको नको म्हणत राहिल्या. शेवटी नारळ, टॉवेल, अप्पा, अक्का आणि मी अशी वरात शुक्रवार पेठेतून निघाली. वधूपक्षाच्या खोलीतून निघालेली इतकी पडेल वरात मी बघितलेली नाही.

मास्तर भिंतीकडे तोंड करून होते. अप्पांनी कॉटजवळ जमिनीवर बसून, अडखळत, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. अक्कांचं नाव मात्र घेतलं नाही, फोल्डरात सापडलं एवढंच म्हणाले. अप्पांनी नारळ ठेवला, टॉवेल मास्तरांच्या उशाशी ठेवला आणि उठले. अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी मनात म्हणत होते की स्वातंत्र्यावर बोलायचं आता बंद करावं, पुढच्या वर्षीपासून फक्त टायपिंग शिकवावं.

तेवढ्यात मास्तरांचा डावा हात मागे आला आणि टॉवेल चाचपायला लागला.

त्यांनी तो स्वतःकडे ओढला. झोपल्या झोपल्या तोंडासमोर धरला. मग कोपरावर रेटा देऊन उठून बसले, कुणाची मदत न घेता, आणि टॉवेल मांडीवर पसरला. अंगठ्याच्या नखाने हंसाच्या मानेवर टकटक केलं.

“तप्पु,” ते म्हणाले. चुकलं. हा शब्द तेलुगूतही तोच आणि कानडीतही तोच, त्यामुळे अप्पांना भाषांतर लागलं नाही.

“होय, मास्तर,” अप्पा म्हणाले. “चुकलं माझं. न विचारता—”

“ते ऱ्हाऊ द्या,” मास्तर म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द कळत होते. “मान. मान कुटं हाय ह्याला? कोन केलं हे?”

“माझा माणूस. नवीन हाय.”

“चादरीचं टॉवेलला ताणलं. गाढव.” त्यांनी नख चोचीवर नेलं. “हितं घरं गळाली. पोट बघा. हे काय अंडी घालायला बसलंय?”

अप्पांनी निमूटपणे मान खाली घातली. मास्तर त्यांच्यावर, त्यांच्या माणसावर, एकूण टॉवेल या प्रकारावर बोलत सुटले. मध्येच तेलुगूत जायचे, मध्येच मराठीत यायचे. घरात गेले कित्येक महिने इतके शब्द झाले नसतील. मग त्यांनी खोलीत नजर फिरवली आणि चादर टाकलेल्या मशीनकडे बोट केलं. अक्कांना म्हणाले, “चालू कर.”

अक्कांनी चालू केलं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. आम्ही मास्तरांना धरून खुर्चीत बसवलं. माउस डाव्या हातात त्यांना जमेना. त्यांनी तो आपटला. अक्कांनी तो सरळ काढून घेतला आणि स्वतः धरला. मास्तरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता दुसरा झटका येतो. अक्का म्हणाल्या, “सांगा. कुटं जाऊ?”

“वर,” मास्तर म्हणाले. “एक घर वर. एक म्हटलं, दोन गेलीस. मागं. आता काळं भर.”

अप्पांनी मला खुणावलं आणि आम्ही चपला घातल्या. आतून मास्तरांची हाक आली, “ओ टॉवेलवाले. विणलेलं टाकू नका. विका. पन हंस म्हणून न्हाई. बदक म्हणून विका.”

पुढच्या रविवारी अक्का जरा उशिरा आल्या आणि पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. वानवळ्यात नवा हंस होता. टॉवेलच्या मापाचा, पहिल्यापासून नव्याने काढलेला, मान लांब, पोट आत. अप्पांच्या माणसाने केलेली एक गोष्ट मास्तरांनी तशीच ठेवली होती: शेपटीखालची लाटांची ओळ. ती बरी हाय, म्हणाले म्हणे, गाढवाला एक गोष्ट जमली. सोबत निरोप होता की परत कुणी ताणायचं नाही, दुसरं माप लागलं तर मागायचं. मी तो निरोप ऐकला आणि मग सगळ्यांना सांगितलं की घ्या, बदला, वाटा म्हणजे काय हे मला इतकी वर्षं सांगता आलं नव्हतं, ते हे. काका म्हणाले, “मग हे आधीच सांगायचं की.”

नंतर एकदा मी अक्कांचा डबा परत द्यायला त्यांच्या घरी गेले. त्यांनी दिलेल्या कडक भाकऱ्या संपल्या होत्या आणि डब्यात मी गुळाचा खडा घातला होता. भाषण कोणतंही द्या, डबा रिकामा नेण्याची माझी हिंमत नाही. दार उघडंच होतं. आत दोघं मशीनसमोर बसले होते, भिंतीकडे पाठ करून, आणि एका ठिपक्यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. माझी चप्पल उंबऱ्याला लागली. मास्तर दचकले, डाव्या हाताने खांद्यावरचा बदकांचा टॉवेल ओढला आणि फाडकन पडद्यावर टाकला.

“झालं न्हाई अजून,” ते माझ्याकडे डोळे वटारून म्हणाले. “झालं की देतो.”

मी अक्कांकडे बघितलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो टॉवेल असा पडद्यावर पडलेला बघायला मिळावा, एवढ्यासाठी त्या माझ्या वर्गात आल्या होत्या.